पानगळ आणि सुतार पक्षी

थंडीच्या दिवसांत बुलढाणा-खामगाव रस्त्यावरच्या बोथा घाटात सहज पाय मोकळे करायला गेलेल्याला एकाच फेरीत दोन-तीन सुतार पक्षी दिसले, की तो आपलं नशीब मानतो. यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे. सोनपाठी सुतार आणि मराठा सुतार हे दोघेही इथले बारमाही रहिवासी, चक्रवाकासारखे हिवाळी पाहुणे नव्हेत. पालटतं ते रान. ज्ञानगंगा अभयारण्याचं सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं जंगल शुष्क पानगळीचं. सालई, मोई उघड्या पडतात, साग विरळ होतो आणि पावसाळाभर पानांआड गेलेली खोडं नजरेत येतात.

पण नुसतं उघडं रान पुरलं असतं, तर प्रत्येक निष्पर्ण झाडावर सुतार दिसला असता. तसं होत नाही. मराठा सुतार बुलबुलाहून किंचित लहान, काळपट पाठीवर पांढरे ठिपके, कपाळ पिवळं. दोन बोटं पुढे, दोन मागे रोवून, ताठ शेपटीचा टेकू देत तो झटक्याझटक्यानं खोड चढतो. चोचीनं हलके ठोके देत साल चाचपतो आणि अळीचा माग लागला की तिथेच घाव घालतो; सालीचे कपचे उडतात, लांब जीभ भोकात जाते. असं खाद्य वाळलेल्या, किडक्या लाकडात भरपूर, म्हणून त्याचा मुक्काम तिथे. तो झाड पोखरून मारतो हा आरोप त्यामुळे टिकत नाही. कीड बहुधा आधीच लागलेली असते. उलट त्यानं कोरलेल्या ढोल्या पुढे इतर पक्ष्यांच्या कामी येतात.

म्हणूनच वाळलेली झाडं उभी राहू द्यावीत, असं म्हटलं की येणारा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अभयारण्याबाहेर बांधावरची वाळलेली बाभूळ म्हणजे घरचं सरपण, आणि प्रत्येक घराला दर वेळी सिलिंडर भरणं परवडत नाही. हे खरंच आहे. तरीही खाली पडलेल्या काटक्या आणि उभा किडका बुंधा यांत फरक करता येतो. भुसभुशीत लाकूड धूर जास्त करतं, आच कमी देतं. चुलीला त्याचा फारसा उपयोग नाही. ज्याच्या पडण्यानं घराला, वाटेला किंवा विजेच्या तारेला धोका नाही, असा बुंधा उभा राहू द्यायला काय हरकत आहे? निदान उन्हाळ्यात कुऱ्हाड लावण्याआधी त्यावर गोल ढोली आहे का, एवढं पाहावं; त्या दिवसांत आत अंडी किंवा पिल्लं असू शकतात.