पटाशी, पांगारा आणि कॅम्पातलं झाड

तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात जर्मनीहून एक सहकारी आला होता. जाताना त्याने प्रत्येकाला नाताळच्या झाडाला टांगायची एकेक लाकडी वस्तू दिली. माझ्या वाट्याला घोडा आला. अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, पाठीवर दोऱ्याचा फास. सुट्टीत अनगोळच्या घरी आलो तेव्हा तो मी आप्पांच्या हातात ठेवला.

आप्पा पॅटर्नमेकर. बेळगावकरांना हे सांगायला नको, पण बाहेर वाढलेल्या आपल्या मुलांसाठी सांगतो. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा करतात. ही प्रतिकृती मूळ भागापेक्षा किंचित मोठी असते, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं. कास्ट आयर्नसाठी मीटरला साधारण 10 मिलिमीटर धरतात. त्यासाठी आप्पांच्या पेटीत एक वेगळी पट्टी आहे, तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा जरा मोठा. पाचवीत असताना ती पट्टी मी चुकून शाळेत नेली आणि भूमितीचे दोन मार्क घालवले. बाईंना कारण सांगितलं, त्यांना पटलं नाही.

तर आप्पांनी घोडा उजेडात धरला, मग उठून व्हर्नियर आणला. डोक्याकडची जाडी मापली, शेपटीकडची मापली. दोन्ही वेगळ्या निघाल्या.

"हा कोरलेला नव्हे," म्हणाले. "गोल कायतरी लेथवर फिरवलंय आणि केकसारखे तुकडे पाडलेत. बघ की, एका बाजूला निमुळता झालाय."

मला खरं वाटलं नाही. रात्री शोधलं तर तंतोतंत तसंच. जर्मनीत, चेक सीमेला लागून एर्त्सगेबिर्ग नावाचे डोंगर आहेत. नावाचा अर्थच खनिजांचे डोंगर. खाणी कमी होत गेल्या तसे तिथले खाणकामगार लाकडाकडे वळले. त्यातल्या झायफन गावात एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रुजली. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची चकती लेथवर चढवायची आणि आतून-बाहेरून कोरत तिची कडी करायची. कडी फोडली की आडव्या छेदात घोड्याची, गाईची, मेंढीची बाजूची आकृती दिसते. एका कडीतून कितीतरी जनावरं निघतात. मग प्रत्येकाला चाकूने कान, पाय नीट करून रंगवायचं. कडी मधून बाहेर रुंदावत जाते म्हणून प्रत्येक जनावर पाचरीसारखं. आप्पा कर्नाटकाबाहेर फारतर पंढरपूर आणि सावंतवाडीपर्यंत गेलेत, पण लाकडाने त्यांना सगळं सांगितलं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्या वर्षी कॅम्पातल्या आंटींनी झाड लावायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांचे यजमान मोल्डर. आप्पांनी पॅटर्न करायचा आणि त्यांनी तो वाळूत बसवायचा, असं पंचवीस-तीस वर्षं चाललं. दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा, नाताळला तिकडून नेवऱ्या आणि केक यायचा. अंकल गेले आणि आंटींनी बॉक्समधलं झाड काढलंच नाही. मला वाटलं, हाताने काही करून द्यावं. घोड्यासारखं काहीतरी.

आप्पांकडे पटाशी मागितली. "ती खेळण्यासाठी नाही," एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

त्या उत्तराला इतिहास आहे. आप्पांचं दुकान बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली हे एक कारण, पण कामंही आटलीच होती. आता ड्रॉइंग संगणकावर होतं आणि पॅटर्न सीएनसीवर कापला जातो. आणि मी, त्यांचा बीई झालेला मुलगा, ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते अशाच मशीनना कुठून कसं कापायचं हे सांगतं. यावर आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. पेटीला मात्र कुलूप होतं.

मी बाजारातून एक लहान चाकू आणला आणि माळ्यावरचा सागाचा तुकडा घेतला. ही पहिली चूक. साग पॅटर्नला उत्तम, पण त्यात बारीक सिलिका असते, धार लगेच मरते. बोथट चाकूला जोर लावला आणि अंगठा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी घोड्याचे दोन पाय मोडले. आप्पा दारातून बघत होते.

"काय करूलालास रे? पायाचा धागा आडवा गेलाय. मोडणारच की."

मग खाली बसले. लाकडात धागा असतो. बारीक, लांब भाग नेहमी धाग्याच्या दिशेने ठेवायचा. घोड्याचे पाय उभे, तर धागाही उभा. मासा आडवा, तर धागा आडवा. पाच टोकांची चांदणी एका फळीतून कापली तर एखादं टोक धाग्याला आडवं येतंच आणि तेच तुटतं. आप्पांनी दोन पट्ट्या घेतल्या, दोन्हींना मध्ये निम्म्या जाडीची खाच दिली आणि एकमेकींत बसवल्या. चार टोकं, चारही धाग्यात. मी ते तासभर नुसतं उघडत आणि बसवत होतो.

लाकूड बदलायलाही त्यांनीच सांगितलं. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलो. तिथल्या लाकडी फळांना पांगारा वापरतात; लाल फुलांचा, काटेरी खोडाचा तोच पांगारा. हलका आणि मऊ. आमच्या गोकाकच्या लाकडी फळांनाही असंच हलकं लाकूड लागतं. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी पांगारा किंवा शिवण घ्यावं. चाकू घेतलेल्या हाताचा अंगठा लाकडावर टेकवून, कैरी सोलतो तसं, पातळ पातळ काढत जायचं. अंगठ्याला चामड्याची टोपी घालायची; माझ्यासारखी नंतर नव्हे, आधी. दर दहा-पंधरा मिनिटांनी चाकू चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. शेवटी जवसाच्या तेलाचा हात. एक सांगून ठेवतो, तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

बधिर बोटांनी मोगरी धरणं आप्पांना जमत नव्हतं. पण अंगठ्याच्या जोरावरची ही कापणी जमत होती. पेटीचं कुलूप कधी निघालं ते मला कळलं नाही. एका सकाळी टेबलावर तीन पटाश्या धार लावून ठेवलेल्या होत्या.

मी दोन आठवड्यांत चार घंटा, सहा मासे आणि एक घोडा केला. घोड्याला आमची मुलगी गाढव म्हणते. आप्पा काय करत होते ते त्यांनी दाखवलं नाही. तेवीस डिसेंबरला आम्ही कॅम्पात गेलो, आंटींची नात झाड काढून बसलीच होती. मासे टांगून झाल्यावर आप्पांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन वस्तू होत्या, बोटाएवढ्या. एक मोल्डरची थापी आणि एक रॅमर, वाळू ठोकायचा. रॅमरच्या दांड्याला मध्ये किंचित बाक होता. आंटी बराच वेळ तो बाक बोटाने चाचपत राहिल्या. अंकलचा रॅमर तसाच वाकडा होता, म्हणाल्या. नवा आणून दिला तरी ते घ्यायचे नाहीत.

नातीने रॅमर वरच्या फांदीला टांगला. चहा आला, केक आला. आप्पा कपबशी खाली ठेवून उठले, झाडाजवळ गेले आणि दोरा सोडून पुन्हा बांधला. तिने तो उलटा टांगला होता. जड टोक खाली हवं.