आंब्याच्या जुन्या बागांचे टप्प्याटप्प्याने पुनरुज्जीवन : लहान बागायतदाराचा हिशेब झाडागणिक

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर धडकले. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी या भागांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि त्यांसोबत आंबा, फणस यांसारखी झाडेही गेली. सरफोजी राजांच्या काळातील मुक्तांबाळ छत्रामुळे ओरत्तनाडु हे नाव मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. तेथील मदतवाटपातील एक बाब आपल्याकडील फळबागायतदारांच्याही उपयोगाची आहे. तमिळनाडू शासनाने पडलेल्या प्रत्येक नारळाच्या झाडासाठी ६०० रुपये आणि ते तोडून हलविण्यासाठी ५०० रुपये असा दर ठरविला. हेक्टरी १७५ झाडे धरून ही रक्कम १,९२,५०० रुपये होत असली, तरी मोजणीचे मूळ एकक झाड हे होते. त्यामुळे दहा झाडांच्या मालकालाही आपला हिशेब स्वतः करता आला.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यासह रत्नागिरीतील दापोली व मंडणगड तालुक्यांना तडाखा दिला, तेव्हा महाराष्ट्रातही हाच प्रश्न उभा राहिला. फळबागांसाठी प्रथम हेक्टरी ५०,००० रुपयांची मदत जाहीर झाली. त्या दराने दहा गुंठ्यांच्या वाडीला सुमारे ५,००० रुपये मिळणार होते. पुढे नारळासाठी प्रति झाड २५० व सुपारीसाठी ५० रुपये असा निकष स्वीकारण्यात आला.

वादळातील हानी एका दिवसात होते आणि सर्वांना दिसते. जुन्या आंबा बागेतील हानी मात्र वर्षानुवर्षे होत राहते आणि नजरेत भरत नाही. तिच्यावरील उपायाचा विचारही लहान बागायतदाराच्या बाबतीत झाडागणिकच करावा लागतो.

जुनी बाग तोट्यात का जाते?

हापूसची पारंपरिक लागवड १० × १० मीटर अंतरावर, म्हणजे हेक्टरी १०० झाडे अशी असते. एका झाडाला साधारण एक गुंठा जागा लागते. झाडे चाळीस वर्षांच्या पुढे गेली की शेजारच्या फांद्या एकमेकींत शिरतात, सूर्यप्रकाश आत पोहोचत नाही आणि मोहोर केवळ शेंड्याकडे व बाहेरच्या बाजूस येतो. तुडतुडे, फुलकिडे व करपा यांना सावलीचा दमट आसरा मिळतो. फवारणी शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, मजुरी वाढते आणि उंचावरील फळ काढताना ते पडून डागाळते. देठासह फळ काढण्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन झेला’ही फार उंच झाडावर पुरेसा उपयोगी ठरत नाही. उंच व जड माथ्याचे झाड वादळी वाऱ्यात अधिक धोक्यात असते, हे वेगळेच.

यावर छाटणी हा उपाय सर्वश्रुत आहे. तरीही लहान बागायतदार ती टाळतो. छाटलेले झाड साधारणपणे दोन हंगाम फळ देत नाही आणि तिसऱ्या हंगामापासून पुन्हा धरू लागते. ज्याचे वर्ष वीस झाडांवर चालते, त्याला दोन रिकामे हंगाम परवडत नाहीत. शिवाय अनेक जण झाडे वर्षाच्या कराराने देतात. करार घेणाऱ्याचे हित त्या एका हंगामापुरते असते. छाटणीचा लाभ त्याच्या वाट्याला येत नाही.

एकवीस झाडांचा हिशेब

समजा, २१ गुंठ्यांत २१ झाडे आहेत आणि सात-सात झाडांचे तीन गट केले आहेत. छाटलेला गट दोन हंगाम फळ देणार नाही, असे धरल्यास तीन पर्याय दिसतात.

१. सर्व झाडे एकाच वर्षी छाटल्यास पहिले दोन हंगाम एकही झाड फळ देत नाही.

२. दरवर्षी एक गट छाटल्यास फळ देणारी झाडे पहिल्या हंगामात १४, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात ७, चौथ्यात १४ आणि पाचव्यात २१ असतात.

३. एक वर्षाआड एक गट छाटल्यास सहाही हंगामांत १४ झाडे फळ देत राहतात आणि सातव्या हंगामात सर्व २१ झाडे धरतात.

प्रत्येक झाडाचे दोन हंगाम, म्हणजे एकूण ४२ ‘झाड-हंगाम’ तिन्ही पर्यायांत सारखेच बुडतात. फरक पडतो तो एका वर्षात किती उत्पन्न घटते, याचा. दुसऱ्या पर्यायात दोन हंगाम उत्पन्न एक-तृतीयांशावर येते. तिसऱ्यात ते दोन-तृतीयांशाच्या आसपास राहते. पुन्हा धरू लागलेल्या झाडांचे पहिले एक-दोन हंगाम उत्पादन कमीच असते, हेही हिशेबात घ्यावे. अन्य मिळकत नसलेल्या कुटुंबास वर्षाआडची पद्धत सुचवावी. नोकरी, दूध किंवा भाजीपाल्याचे उत्पन्न असल्यास दरवर्षीची पद्धत चालू शकते. तेवढीही घट सोसत नसेल, तर सुरुवातीस झाडाच्या मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी काढून मध्य मोकळा करावा. त्याने उंची थोडी घटते, प्रकाश आत येतो आणि हंगाम पूर्णपणे बुडत नाही.

छाटणी व त्यानंतरची काळजी

कोकणात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटणी करावी. भर उन्हाळ्यात छाटल्यास उघडी पडलेली साल उन्हाने भाजते. फांदी प्रथम खालून थोडी कापून मग वरून कापावी, म्हणजे ती चिरफाळत नाही. काप तिरका ठेवावा आणि त्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी हे प्रमाण घ्यावे.

छाटलेल्या झाडाला सर्वाधिक धोका भिरुडाचा, म्हणजे खोडकिड्याचा असतो. बुंध्यापाशी भुसा दिसताच छिद्र शोधून तारेने अळी बाहेर काढावी आणि विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे कीटकनाशक वापरून छिद्र बंद करावे. ही पाहणी दर पंधरवड्यास व्हायला हवी.

कापाखाली फुटव्यांची दाटी होते. ती तशीच राहिल्यास काही वर्षांत पुन्हा पूर्वीचीच अवस्था येते. म्हणून बाहेरच्या दिशेने वाढणारे, एकमेकांपासून अंतर राखणारे मोजके जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावेत. कोवळ्या पालवीवरील किडी व करपा यांवर लक्ष ठेवावे. खते माती परीक्षणानुसार द्यावीत.

छाटलेल्या झाडाचा विस्तार पुन्हा भरेपर्यंत पॅक्लोब्युट्राझोल देऊ नये. इतर झाडांना ते १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, विस्ताराच्या सरासरी व्यासाच्या प्रत्येक मीटरला ३ मिली या प्रमाणातच द्यावे. झाडे कराराने देताना ही मर्यादा आणि छाटणीचा क्रम करारात लिहून घ्यावा.

मोकळ्या झालेल्या जागेत हळद, आले किंवा भाजीपाला घेता येतो. मधल्या काळातील घट त्याने काही अंशी भरून निघते. मेलेल्या झाडांच्या जागी काही अन्य जातींची कलमे लावल्यास परागीभवनास मदत होते. दक्षिणेतील नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ला येथे विकसित झालेली, १९८१ मध्ये प्रसारित झालेली ‘रत्ना’ ही साका नसलेली जात त्यासाठी विचारात घेण्याजोगी आहे.

आधार कोठे हवा?

एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनासाठी खर्चाच्या ५० टक्के, हेक्टरी कमाल २०,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, अशी तरतूद होती. हेक्टरी १०० झाडांच्या हिशेबाने हे प्रति झाड २०० रुपये होतात. २१ झाडांच्या मालकास ४,२०० रुपये. यातून छाटणीचा काही खर्च निघतो, बुडालेले ४२ झाड-हंगाम भरून निघत नाहीत. चालू दर तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून पाहून घ्यावेत आणि बागायतदारास अनुदान व प्रत्यक्ष घट यांतील फरक आधीच स्पष्ट सांगावा.

विस्तार कार्यकर्त्यांना पुढील चार बाबींत प्रत्यक्ष मदत करता येते. पहिली, गटासाठी यांत्रिक करवत आणि ती सुरक्षितपणे चालविणारे दोन-तीन प्रशिक्षित तरुण. एकट्या लहान बागायतदाराला हा खर्च पेलत नाही. दुसरी, सातबाऱ्यावरील सहहिस्सेदारांची संमती. कोकणात अनेक अर्ज येथेच अडतात. तिसरी, ई-पीक पाहणीत झाडांची अचूक नोंद. नुकसानभरपाई व फळपीक विम्याच्या वेळी ती उपयोगी पडते. चौथी, आंबा हा वृक्षतोड अधिनियमाखालील अनुसूचित वृक्ष असल्याने मोठी छाटणी किंवा तोड करण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडे चौकशी.

येत्या पावसाळ्यात प्रत्येक गावातील पाच-सहा लहान बागांत झाडांना क्रमांक द्यावेत. प्रत्येक झाडाचे वय, उंची व मागील दोन हंगामांतील पेट्या नोंदवाव्यात. सर्वांत कमी फळ देणारी झाडे पहिल्या गटात घेतल्यास पहिल्या दोन हंगामांतील घट आणखी कमी होते. ऑक्टोबरमध्ये करवत चालण्यापूर्वी हा तक्ता बागायतदाराच्या हाती असावा.