रेझर टांगायचा तर

रेझरचं वजन सगळं डोक्याकडे असतं. त्यामुळे पेल्यात उभा केला की हलका पेला कलंडतो, बेसिनच्या काठावर ठेवला की घसरतो, आडवा टाकला तर त्याखाली साबणाचं पाणी साचतं. ब्रशचं दुखणं याहून वाईट. ओलाच कपाटात गेला की केसांच्या मुळाशी कुबट वास धरतो. दोन्ही टांगून ठेवणारे स्टँड बाजारात मिळतात, पण भिंगारमधल्या माझ्या शेजारच्या निवृत्त रिसालदारसाहेबांना तो घरीच करायचा होता. मी फळी धरायला होतो.

भिंगार हे नगरलगतचं छावणीचं गाव. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून नगरला आहे. रणगाडे शिकायला आलेल्यांतले काही निवृत्तीनंतर इथेच राहतात, आणि रोजच्या दाढीची सवयही त्यांच्यासोबत राहते. साहेब अजून दुधारी पात्याचा रेझरच वापरतात. किंग जिलेटला त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९०४ साली मिळालं, आणि घडण फारशी बदललेली नाही. स्टँड करणाऱ्याला हे सोयीचं पडतं: डोकं साधारण ४३ मिलिमीटर रुंद, दांडा जेमतेम १२. मध्ये १४ ची खाच ठेवली की दांडा आत जातो आणि डोकं वर अडतं. ब्रश उलटा टांगायचा, त्याच्या गळ्याला २५ ची खाच.

लाकूड एका उतरवलेल्या जुन्या वाड्याच्या चौकटीचं, सागवान. त्यात अंगचं तेल असतं, पाण्याला दाद देत नाही. शिवाय पुरतं वाळलेलं. नगरची हवा कोरडी, पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास. ओलसर लाकूड इथल्या उन्हाळ्यात तडकलंच म्हणून समजा. बैठकीला मात्र बाभळीचा जाड तुकडा. जड आहे, हललं तर बेसिन हलेल.

खरी गोम वरच्या फळीत. आम्ही आधी लाकडाच्या रेषा लांबीला ठेवून फळी आखली, कारण फळी तशीच दिसायची सवय असते. साहेबांनी एका टाकाऊ तुकड्यावर खाच पाडली आणि पुढचा दात बोटाने दाबला. काडकन निघाला. खाचेच्या दोन्ही बाजूंचे दात पुढे येतात. रेषा आडव्या गेल्या तर त्यांना धरून ठेवायला काहीच नसतं. म्हणून रेषा मागून पुढे हव्यात. मग दुसरी अडचण: फळीची मागची कड म्हणजे लाकडाचं टोक, तिथे गोंद नीट धरत नाही. त्यावर उपाय, मागच्या खांबात पटाशीने खाच घेऊन फळी आत बसवायची आणि बांबूच्या दोन खुंट्या ठोकायच्या. फेविकॉल पाण्यात टिकणारा, पण भिस्त खुंट्यांवर. ही खाच किंचित कलती घेतली, म्हणजे फळी मागे झुकते आणि रेझर पुढे घसरत नाही.

खाचांसाठी आधी ड्रिलने भोक पाडायचं, मग पुढच्या कडेपासून करवतीचे दोन काप त्याला नेऊन भिडवायचे. उलट केलं तर ड्रिलचं टोक भटकतं. नंतर कानस, नंतर पॉलिशपेपर. इथे घाई करू नये. खाचेतली एक कूसही ब्रशच्या दांड्याला ओरखडे पाडते.

पॉलिशवरून मात्र आमचं वाजलं. मला लाखेचं हवं होतं, चकाकतं.

“आफ्टरशेव्ह कशात असतं?” साहेबांनी विचारलं.

स्पिरिटमध्ये. आणि लाखही स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात. दाढीनंतरचे चार थेंब पडले की पॉलिश चिकट होणार. पाण्यानेही तिच्यावर पांढरे डाग येतात. म्हणून घाण्याचं जवसाचं तेल. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी, पण हे तेल लाकडात शिरून हळूहळू घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, पुसायचा, काही दिवस वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा. तेलाची चिंधी बोळा करून टाकायची नाही. वाळताना ती तापते आणि पेटूही शकते. आम्ही अंगणात दोरीवर पसरून टाकली.

फळीची उंची १३ सेंटिमीटर ठेवली. रेझरचा दांडा टेकत नाही, ब्रशचे केसही बैठकीपासून वर राहतात. थेंब पडतात तिथे गोल पटाशीने उथळ पन्हळ काढली, तिचा उतार बेसिनकडे.

बैठकीच्या मागे साहेबांनी ओव्याची जुनी पत्र्याची डबी बसवली, झाकणाला २५ मिलिमीटरची चीर. वापरलेलं पातं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं तर घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. डबी भरली की चीर हातोडीने ठोकून बंद करायची आणि भंगारवाल्याला सांगून द्यायची. तुरटीच्या खड्याला जागा ठेवायची राहिली, असं घरातून सांगण्यात आलं. त्यासाठी चौकटीचा अजून एक तुकडा शिल्लक आहे.