गोऱ्या शिपायाचा माग

भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली की मिठागरं मागे पडतात, डोंगरी येते आणि घरांवरच्या पाट्या बदलतात. परेरा, डिमेलो, रॉड्रिग्ज, कोलासो. पाटीखाली ओट्यावर चाललेलं बोलणं मात्र कोळ्यांचं, आणि पलीकडे वलांडीवर बोंबील वाळत घातलेले. अशा घरांतून कधीमधी एक गोष्ट ऐकायला मिळते: आपला मूळ पुरुष गोरा शिपाई, गलबतातून आला नि इथलाच झाला.

गोष्टीला जागा आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यांचा बिनलग्नाचा शिपाई तो 'सोल्दादो' आणि लग्न करून वस्ती केलेला तो 'कझादो'. अशा कझादोंना नि सरदारांना गावं तोडून मिळत. सरकारला त्यांनी 'फोरो' म्हणजे खंड भरायचा आणि वेळ आली की घोडा-हत्यार घेऊन हजर व्हायचं. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो खंड अजून शिल्लक आहे.

पण १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहात दोन्ही गोष्टी होत्या: जाणाऱ्याने मालमत्तेसह जावं, राहणाऱ्याने आपला धर्म पाळावा. ज्यांची गावं गेली त्या बड्या घराण्यांनी बहुतेक गोवा, दमणची वाट धरली. मागे राहिले ते कोळी, आगरी, भंडारी, कुणबी. त्यांचं रान, त्यांचा दर्या इथेच होता. त्यांच्या पूर्वजांना आडनाव मिळालं ते बाप्तिस्म्याच्या वेळी, धर्मपित्याचं नाहीतर पाद्रीबाबांचं. म्हणून शेजारशेजारच्या दोन परेरांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. लिस्बनच्या परेराशी तर त्याहून नाही.

याउलट कॅनडातल्या क्वेबेकचं पाहा. १६६५ मध्ये कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचे हजार-बाराशे फ्रेंच शिपाई तिथे उतरले, त्यांतले चारशेच्या आसपास कायमचे राहिले. आज तिथला माणूस चर्चच्या नोंदवह्या उलटत थेट त्या शिपायापर्यंत पोहोचू शकतो. शिपायांची फौजेतली टोपणनावंसुद्धा पुढे आडनावं होऊन बसली. तिथे राज्य इंग्रजांकडे गेलं तरी ती वस्ती जागची हलली नाही. आपल्याकडे शिपाई निघून गेला आणि नाव मागे राहिलं.

कागदांची वाटही सरळ नाही. हिंदुस्थानच्या कारभाराची लिस्बनमधली कचेरी, 'काझा दा इंडिया', १७५५ च्या भूकंपात दप्तरासकट गेली. पणजीच्या पुराभिलेखात गोवा-लिस्बन पत्रव्यवहाराची बाडं आहेत, पण त्यांत कारभार, लढाया नि अधिकारी. उत्तनच्या एखाद्या पेद्रूचं लग्न त्यात कुठून सापडणार? चर्चच्या वह्या पाहाव्यात तर भाषा लॅटिन किंवा पोर्तुगीज, आणि धर्मप्रांताची हद्द गोवा, दमण, मुंबई अशी फिरलेली. 'ईस्ट इंडियन' हे या समाजाचं नाव त्यांत शोधावं, तर ते बरंच अलीकडचं. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ते रीतसर घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण वेगळे, कंपनी सरकारच्या वेळेपासूनचे, हे सांगायला.

मिश्र घराणी नव्हतीच असं माझं म्हणणं नाही. एखाद्याच्या वंशावळीत खरोखरचा सोल्दादो निघेलही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत 'उंबराचं पाणी' आणायला निघालेल्या बायका, त्यांची लुगडी, त्यांची मराठी गाणी पाहिली की शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. गोऱ्या आजोबांच्या नादात ईस्ट इंडियन मंडळींनी आपले सावळे आजोबा हरवू नयेत.

तेव्हा लिस्बनला पत्र धाडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. पाटीवरचं सोडून घराण्याला गावात आणखी कोणत्या नावाने हाक मारतात, ते विचारा आणि आजच लिहून ठेवा.