फ्रीजसमोरची चप्पल

या आठवड्याचा भाग ज्यांनी अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी हा सगळा मजकूर. गाडी खंडाळ्याच्या घाटात शिरली की आवाज तुटतो, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलंय. म्हणून जसं बोललो तसंच इथे लिहून ठेवतोय, थोडंफार नीट करून.

आजचा विषय आहे फ्रीज. हसू नका. कोणता घ्यावा, किती स्टार, किती लिटर, हे सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मी बोलणार आहे तो फ्रीज घरात आल्यावर भिंतीत कुठे आणि कसा लावायचा, याबद्दल.

गोष्ट घरचीच

माझे आई-बाबा कामशेतला राहतात. मागच्या जुलैत शनिवारी घरी गेलो. बाहेर धो धो पाऊस, ओटीवर वाळत घातलेले कपडे तीन दिवस तसेच ओले. पाणी प्यायला फ्रीजकडे गेलो, तर आई आतून ओरडली, "अरे, चप्पल घाल आधी!"

फ्रीजसमोर खरंच एक रबरी चप्पल ठेवलेली होती. म्हटलं, "ही कशाला?"

"हात लावला की झिणझिण्या येतात. पावसाळ्यात येतातच रे. चप्पल घातली की नाही येत."

"कधीपासून?"

"नवीन घेतला तेव्हापासून."

म्हणजे वर्षभर! मी बी.टेक. केलेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिममधले एरर शोधतो, आणि माझ्याच घरातला एरर आईने चप्पल ठेवून गप्प केला होता. नंतर मित्रांना विचारलं. तळेगाव, वडगाव, मळवली, बऱ्याच घरांत हीच चप्पल निघाली. कुठे चप्पल, कुठे पायपुसणं, कुठे लाकडी पाट.

झिणझिण्या का येतात?

फ्रीजच्या प्लगला तीन पिना असतात. खालच्या दोन फेज आणि न्यूट्रलच्या, त्यांच्यावर फ्रीज चालतो. वरची जाड पिन अर्थिंगची. ती मुद्दाम लांबही असते, म्हणजे प्लग लावताना ती आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. ही पिन फ्रीजच्या पत्र्याला जोडलेली असते. आतून कुठे करंट पत्र्यावर उतरला, तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट मिळावी, एवढंच तिचं काम.

आता गंमत बघा. फ्रीज बिघडलेला नसला तरी थोडा करंट पत्र्यावर येऊ शकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रीजमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यातल्या फिल्टरमधून अगदी थोडा करंट अर्थिंगकडे जातच असतो. शिवाय पावसाळ्यातली ओल वायरिंगवर, जोडांवर बसते, त्यातूनही गळती होते. अर्थिंग चांगलं असेल तर हा करंट गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर तो पत्र्यावर वाट बघत थांबतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तुम्ही दाराला हात लावला, की वाट तुम्हीच.

"पण थोडाच करंट आहे ना, मग काय झालं?" हा प्रश्न बाबांनी विचारला. प्रश्न बरोबर आहे. साधारण 1 मिलिअँपिअर करंट शरीरातून गेला की झिणझिण्या जाणवतात. 10 मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात, माणूस सोडू म्हटलं तरी सुटत नाही. आपण म्हणतो ना, "करंटने धरून ठेवलं", ते हेच. 30 मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. आणि घरातला एक साधा 9 वॉटचा एलईडी दिवासुद्धा जवळपास 40 मिलिअँपिअर घेतो!

आजच्या झिणझिण्या एकवेळ निरुपद्रवी असतील. पण त्या एक गोष्ट पक्की सांगतात, की अर्थिंग काम करत नाहीये. उद्या कॉम्प्रेसरच्या वायंडिंगचं इन्सुलेशन खरंच गेलं, तर त्याच दारावर पूर्ण 230 व्होल्ट येतील. आणि त्या दिवशी कोणी पाहुणं पोर चप्पल न घालता आलेलं असेल. टेस्टर लावून बघू नका, किरकोळ गळतीलाही टेस्टर पेटतो आणि जीवघेण्या करंटलाही. त्यावरून फरक कळत नाही.

आमच्याकडे काय निघालं

दुसऱ्या दिवशी वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून सॉकेट उघडलं. सॉकेटला भोकं तीन, पण वरच्या भोकामागे वायरच नव्हती! आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनवर बटण आहे, पण त्यामागे कोड लिहिलेलाच नाही. घर जुनं, तेव्हा दोन वायरींवर सगळं भागायचं. पुढे कोणीतरी सॉकेट बदललं, वायर तशीच राहिली.

इथे एक जुगाड फार चालतो, तो अजिबात करू देऊ नका. अर्थिंगची वायर नसली की काहीजण सॉकेटच्या आतच अर्थिंगचा स्क्रू न्यूट्रलला जोडून देतात. झिणझिण्या लगेच थांबतात, सगळे खूश. पण कधी ती न्यूट्रल मागे कुठे तुटली किंवा सैल झाली, तर फ्रीजच्या आतून फिरून फेज थेट पत्र्यावर येतो. नळाच्या पाइपला अर्थिंग जोडणं हाही तसलाच प्रकार. आता पाइप प्लॅस्टिकचे असतात, त्यातून कसलं अर्थिंग?

मावळातली जमीन

पुणे शहरात वर्षाला साधारण 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात 4000 मिलिमीटरच्याही वर. याच पाण्याच्या जोरावर 1915 मध्ये खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं आणि लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. शंभर वर्षांहून जास्त काळ हा पाऊस वीज देतोय. आपल्या घरात तोच पाऊस वीज गळवतो.

इतक्या पावसात जमीन चिंब, म्हणजे अर्थिंग झकास, असं वाटेल. पावसाळ्यात ते बऱ्यापैकी खरंही असतं. पण सह्याद्रीत मातीखाली काळा पाषाण आहे. भाताच्या खाचराजवळ माती खोल असते, लोणावळ्या-खंडाळ्याच्या माथ्यावर मात्र दोन-तीन फुटांवर खडक लागतो. खडकातून करंट नीट जात नाही. ऑगस्टमध्ये चांगलं दिसणारं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये माती सुकली की कमकुवत होतं. म्हणून अर्थिंगची तपासणी एकदा तरी भर उन्हाळ्यात करून घ्या.

आता थोडं गणित. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स 20 ओहम आहे. फेज पत्र्यावर आला तर 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत जाईल. तुमची एमसीबी 16 अँपिअरची. ती पडणारच नाही! एमसीबी वायरिंगला वाचवते, माणसाला नाही.

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत बघते. 30 मिलिअँपिअरवाली घेतली, तर तेवढा फरक पडायच्या आत किंवा पडताच ती सेकंदाच्या अगदी छोट्या भागात लाइन तोडते. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको, असं नाही. अर्थिंग नसेल तर बिघाड आरसीसीबीला कळतो तो कोणीतरी हात लावल्यावरच. दोन्ही हवं, आणि सोबत एमसीबीही.

आम्ही परसात नवा अर्थिंग रॉड टाकला, तिथून हिरवी वायर थेट फ्रीजच्या सॉकेटपर्यंत आणली आणि मीटरच्या पेटीशेजारी आरसीसीबी बसवली. तिच्यावर 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. खटकन पडली तर ठीक, नाही पडली तर लगेच बदलायची.

वायरमनला एवढंच सांगा, "काका, मीटर लावून तिन्ही मोजून दाखवा." फेज-न्यूट्रल साधारण 230 व्होल्ट, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. हे मोजमाप त्यांनाच करू द्या, आपण फक्त आकडे बघायचे. अर्थिंगचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र वेगळं असतं, ते त्यांच्याकडे असेल तर उत्तमच.

फ्रीज लावताना

टेम्पोतून आडवा आणला असेल तर लगेच चालू करू नका. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरलेलं असतं, ते खाली उतरायला काही तास फ्रीज उभा ठेवा. बराच वेळ आडवा असेल तर पूर्ण दिवस. शक्यतो उभाच आणा.

प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेन्शन नको, टू-पिन अडॅप्टर तर नकोच, तो अर्थिंगची पिनच निकामी करतो. आमच्याकडे तोही होता! मागे आणि बाजूला माहितीपुस्तिकेत लिहिलेली जागा सोडा. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते, तिला चिकटवून ठेवू नका.

लाइट सारखी जात-येत असेल तर वेळ लावून सुरू करणारा स्टॅबिलायझर चांगला. साधा कॉम्प्रेसर बंद पडल्या पडल्या पुन्हा सुरू झाला तर आतला दाब समान झालेला नसतो, तो अडकतो आणि तापतो. त्याला तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. इन्व्हर्टर फ्रीजला स्टॅबिलायझर लागेलच असं नाही, पुस्तिकेतली व्होल्टेजची रेंज बघा. मात्र विजेच्या कडकडाटापासून स्टॅबिलायझर वाचवत नाही. वळवाचा पाऊस येतोय असं दिसलं की आधीच, कोरड्या हाताने, प्लग काढून ठेवा. दार उघडलं नाही तर आतलं साधारण चार तास टिकतं.

आतला गॅस

आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण पेट घेतो. घाबरू नका, घरगुती फ्रीजमध्ये तो काही दहा ग्रॅमच असतो, तुमच्या शेगडीचा सिलिंडर 14.2 किलोचा आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडतं. आणि मागे ज्वाळेचं चिन्ह असेल तर या गॅसचं काम येणाऱ्या मेकॅनिकलाच हात लावू द्या. नळी फुटलीच तर खिडक्या उघडा, आग पेटवू नका, कोणतंही बटण चालू-बंद करू नका.

बंद बंगल्यासाठी एक नाणं

लोणावळ्यात शनिवार-रविवारपुरते उघडणारे बंगले भरपूर. तुमचं तसं घर असेल, किंवा तुम्ही एखादं सांभाळत असाल, तर ही युक्ती. वाटीभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करा आणि त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. ते तळाशी जाऊन पुन्हा गोठलं असेल, तर मधे बराच वेळ लाइट नव्हती. फ्रीझरमधलं मटण-मासे दिसायला कितीही छान असोत, टाकून द्या. एरवी फ्रीज 4-5 अंशांवर आणि फ्रीझर उणे 18 अंशांवर ठेवा. महिनाभर येणार नसाल तर सरळ रिकामा करा, पुसा, बंद करा आणि दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी. पण घरात लहान मुलं असतील तर दार उघडं ठेवताना मधे काहीतरी पक्कं अडकवा.

जुना फ्रीज परसात टाकून ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. लपाछपी खेळताना मुलं आत शिरतात आणि आत हवा नसते. जुन्या काळच्या फ्रीजचं दार तर आतून उघडायचंच नाही. मुलांचे असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेत 1956 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. आजच्या दाराला चुंबकाची पट्टी असते त्यामागे हेच कारण आहे. भंगारात द्यायच्या आधी दार काढून टाका.

शेवटी एवढंच

काम झाल्यावर मी आईला म्हटलं, "आता अनवाणी लावून बघ हात." तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बोटाचं टोक लावलं, मग पूर्ण हात. "नाही येत रे!" ती चप्पल आता मोरीच्या दारात असते, तिच्या मूळ जागी.

या शनिवारी घरी जाल तेव्हा फ्रीजसमोर काय ठेवलंय ते बघा. चप्पल, पाट, पायपुसणं, काहीही असेल, तर आईला विचारा, "हे कशाला?" उत्तरात झिणझिण्या हा शब्द आला, की पहिला फोन वायरमनला.

भेटू पुढच्या भागात!