रिकाम्या छिद्राची साक्ष

शेतातली बोअर कोरडी गेली की पैसा मातीत गेला, एवढीच तिची नोंद मागे राहते. मुरूम किती खोल होता, कातळ कुठे लागला, कितव्या फुटाला दगडाचा रंग बदलला, हे मशीनवाल्याने पाहिलेले असते; पण ते कुणी लिहून ठेवत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या शेतात तोच जुगार नव्याने खेळला जातो. जमिनीखाली दडलेले तांबे, जस्त किंवा सोने शोधतानाही बहुतेक छिद्रांतून कामाचे काही निघत नाही. फरक एवढाच, की हा शोध जिथे नीट चालतो तिथे रिकाम्या छिद्राचा प्रत्येक मीटर मोजून, नोंदवून, पेटीत भरून ठेवला जातो. धातू एखाद्या अद्भुत यंत्राने सापडतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो एकेक शक्यता खोडत सापडतो. म्हणूनच खोडलेल्या शक्यतांची नोंद जपणे आणि ती पुढच्या शोधकाला खुली करणे, हा खर्च नसून खाणशोधाचा पाया आहे.

जे साठे जमिनीवर उघडे पडले होते ते माणसाने कधीच हेरले. राजस्थानातल्या जावरच्या खाणकामगारांनी शेकडो वर्षांपूर्वी खडकाचा रंग आणि पोत ओळखत शिशाच्या आणि जस्ताच्या शिरा खोलवर पोखरल्या. आता उरले आहेत ते मातीखाली, वाळूखाली किंवा निराळ्याच खडकाच्या जाड थराखाली झाकलेले साठे. तिथे डोळा पोचत नाही, म्हणून खडकाच्या इतर गुणांचा माग काढावा लागतो. स्वीडनमध्ये सतराव्या शतकापासून खास बनवलेल्या होकायंत्राने लोहखनिज शोधत, कारण मॅग्नेटाइटजवळ सुई ढळते. आज हेच काम विमानातून होते, आणि त्यासाठीचे चुंबकमापक दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्याच्या गरजेतून पुढे आले. दुसरा गुण वजनाचा. जड खनिजावर गुरुत्वाकर्षण किंचित वाढते; पण हा फरक बहुधा दहा लाखांत एका भागाइतका असतो, आणि उपकरण तीन मीटर वर-खाली झाले तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. म्हणून मोजणीइतकीच काळजी त्या जागेची उंची ठरवताना घ्यावी लागते. तिसरा गुण विजेचा. बोअर घेण्याआधी जमिनीत सळया ठोकून प्रवाह सोडतात आणि विद्युतरोध मोजतात, ते दृश्य आपल्या गावांना नवे नाही. धातूंची सल्फाइड खनिजे बहुधा वीज सहज वाहू देतात. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाखालचा स्वीडनमधला बोलिडेनचा सोन्या-तांब्याचा साठा १९२४ मध्ये विद्युत मोजणीच्या मदतीनेच हाती लागला.

मात्र या मोजण्या जे सांगतात ते अर्धेच असते. वजनाची मोजणी म्हणते, इथे काहीतरी जड आहे. ते लहान आणि उथळ आहे की मोठे आणि खोल, हे एकट्या त्या आकड्यांवरून ठरत नाही. एकाच आकड्यांना साजेशी अनेक चित्रे काढता येतात, आणि ती सगळी गणिताने बरोबर असतात. चुंबकीय मोजणी मॅग्नेटाइट दाखवील, पण त्याच्या सोबत तांबे आहे की नाही यावर ती मुकी राहते. वीज ग्रॅफाइटमधूनही सहज वाहते आणि खाऱ्या पाण्याने भिजलेल्या चिकणमातीतूनही. म्हणजे सर्वेक्षणाचा नकाशा हा निकाल नव्हे, ती संशयितांची यादी आहे. साक्ष काढण्यासाठी जमिनीत उतरावेच लागते.

हे उतरणे म्हणजे ड्रिलिंग. हिऱ्याचे कण बसवलेले पोकळ पाते फिरत फिरत खडक कापते आणि मधला दंडगोल अखंड वर येतो. त्याला कोअर म्हणतात. भूवैज्ञानिक तो क्रमाने पेट्यांत मांडतात, नोंदी करतात, मग उभा चिरतात; एक अर्धा रासायनिक तपासणीला जातो, दुसरा जपून ठेवतात. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारच्या कोअरचा व्यास ४७.६ मिलिमीटर, म्हणजे मुठीत मावेल इतका. आता गणित करून पाहा. दर ५० मीटरवर एक छिद्र घेतले, तर प्रत्येक छिद्राच्या वाट्याला २,५०० चौरस मीटर जमीन येते, आणि कोअर त्यातला सुमारे चौदा लाखांत एक भाग असतो. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर साऱ्या साठ्याचा अंदाज बांधायचा असतो. मग त्यातला जो पुरावा ‘नाही’ म्हणतो तो फेकून देणे कुणालाच परवडणारे नाही.

याचा सर्वांत बोलका दाखला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऑलिम्पिक डॅमचा. तिथे मेंढ्यांची कुरणे होती, आणि गुरांना पाणी पाजण्याच्या एका तळ्याच्या नावावरून पुढे खाणीला नाव मिळाले. वेस्टर्न मायनिंग कॉर्पोरेशनचे भूवैज्ञानिक तांब्याचा माग काढत होते. बेसाल्ट खडक रासायनिक बदलातून जाताना त्यातले तांबे निसटते आणि जवळच्या गाळाच्या खडकात साचते, हा त्यांचा तर्क. गुरुत्वाकर्षण आणि चुंबकत्व दोन्ही वाढलेले दिसत होते, म्हणून खाली बेसाल्टचा मोठा ठोकळा असावा, असे त्यांनी मानले. १९७५ मध्ये पहिले छिद्र तीनशेहून अधिक मीटर निरुपयोगी खडक भेदून गेले आणि त्याला ३८ मीटर जाडीचा, सुमारे एक टक्का तांब्याचा पट्टा लागला. आशा वाटावी एवढे ते होते, खाण काढावी एवढे नव्हते. पुढच्या छिद्रांनी निराशाच जास्त केली. १९७६ च्या अखेरीस दहाव्या छिद्रात १७० मीटर जाडीचा, दोन टक्क्यांहून अधिक तांब्याचा खडक निघाला, आणि जगातल्या अतिप्रचंड साठ्यांपैकी एक उजेडात आला. मूळ तर्क मात्र चुकीचा ठरला. खाली अपेक्षित बेसाल्ट नव्हता. ग्रॅनाइटचा चुरा होऊन लोहखनिजाने सांधला गेलेला खडक होता, आणि वजन होते ते त्या लोहखनिजाचे. मोजणी खरी निघाली, तिचा अर्थ खोटा निघाला. हा खोटेपणा उघड केला तो कोअरने. आणि पहिल्या नऊ छिद्रांच्या नोंदी नसत्या तर दहावे कुठे घ्यायचे हे ठरलेच नसते.

यावर एक आक्षेप येतो, की ही गोष्ट नशिबाची आहे. चुकीच्या तर्काने बरोबर जागा सापडली, त्यात पद्धत कसली? पण नशिबावर विसंबणारा एका छिद्रानंतर एक तर खूश होतो किंवा निघून जातो. इथे प्रत्येक छिद्रानंतर चित्र नव्याने काढले गेले. दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे: संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता इतकी पुढे गेल्यावर महागडे ड्रिलिंग कशाला? संगणक असंख्य चित्रे झपाट्याने काढून देतो, हे खरे. परंतु एकाच आकड्यांतून अनेक चित्रे निघतात ही अडचण वेगाने सुटत नाही. ती नव्या पुराव्यानेच सुटते. शिवाय असे संगणक शिकतात ते जुन्या नोंदींवरून. त्यांना फक्त यशस्वी छिद्रे दाखवली, तर धातू कुठे नसतो हे ते कधीच शिकणार नाहीत.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आणि म्हणून वजनदार आहे. ज्या कंपनीने पैसा ओतला तिने आपली माहिती स्पर्धकाला का द्यावी? शोध चालू असताना देऊ नये, हे मान्यच. पण परवाना सुटल्यावर ती माहिती कपाटात कुजण्यात कुणाचाच लाभ नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात कंपन्यांना आपले अहवाल सरकारकडे जमा करावे लागतात, परवाना सुटला की ते खुले होतात, आणि अॅडलेडमध्ये कोअरचे सरकारी भांडार आहे, जिथे जुने खडक पुन्हा तपासता येतात. त्याच राज्याने ड्रिलिंगच्या खर्चातला वाटा उचलायलाही सुरुवात केली. २००५ मध्ये कॅरापाटीना इथे अशाच मदतीने घेतलेल्या छिद्रात सुमारे १७८ मीटर जाडीचा, १.८३ टक्के तांब्याचा खडक लागला. वर साडेचारशेहून अधिक मीटर पांघरूण होते. २०१९ मध्ये तिथे खाण सुरू झाली. माहिती खुली केल्याने शोध मंदावला नाही.

महाराष्ट्राला हा मुद्दा फार जवळचा आहे. राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूमीवर दख्खनच्या बेसाल्टची चादर आहे. नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज आणि गडचिरोलीचे लोखंड या चादरीबाहेरच्या प्राचीन खडकांत आहे. चादरीखाली काय आहे हे वरून वाचणे कठीण, कारण बेसाल्ट स्वतःच चुंबकीय आहे आणि खालच्या खडकाचा क्षीण संकेत त्याच्या गोंगाटात बुडतो. जे थोडे ठामपणे माहीत आहे ते छिद्रांमुळे, आणि त्यातली महत्त्वाची छिद्रे धातूसाठी घेतलेलीच नव्हती. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घेतलेल्या छिद्राने बेसाल्टची जाडी ३३८ मीटर दाखवली. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल गेलेल्या छिद्रात ती सुमारे सव्वा किलोमीटर निघाली, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. भूकंपासाठी घेतलेले छिद्र असे प्रत्येक भूवैज्ञानिकाच्या उपयोगी पडते, अट एवढीच की त्याची नोंद सर्वांसमोर असावी. २०२३ मध्ये केंद्र सरकारने भूवैज्ञानिक माहितीचे राष्ट्रीय भांडार संकेतस्थळावर खुले केले, ही योग्य दिशेची पायरी आहे. मात्र त्यात यशाइतकेच अपयशही भरले गेले पाहिजे.

उरतो तो गावकऱ्यांचा आक्षेप, आणि तो सर्वांत गांभीर्याने घ्यायला हवा. ड्रिलची मशीन आली की खाण आली, खाण आली की जमीन गेली, ही भीती अनुभवातून आलेली आहे. बहुतेक छिद्रांनंतर खाण होत नाही, असे नुसते सांगून ती जाणार नाही. छिद्र कुठे घेतले, किती खोल नेले, त्यातून काय निघाले, काम संपल्यावर ते नीट बुजवले का आणि मधे लागलेल्या पाण्याचे काय झाले, हे गावाला कागदावर दाखवावे लागेल. म्हणजे ज्या नोंदी पुढच्या शोधकाला लागतात, त्यातल्या बऱ्याचशा ग्रामसभेलाही लागतात. तिथे धातू नाही, हे कळण्याचा पहिला हक्क त्या जमिनीवर राहणाऱ्यांचाच आहे.