समाजमाध्यमांवरील कथन आणि व्यक्तीची नाममुद्रा : मुळशी तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बाजारातील मालाप्रमाणे व्यक्तीनेही स्वतःचा ब्रँड घडवावा, हा विचार टॉम पीटर्स यांनी १९९७ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी नियतकालिकातील लेखातून मांडला. त्या वेळी फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५) व इन्स्टाग्राम (२०१०) यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. आज ही माध्यमे प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात आहेत आणि ‘स्वतःची गोष्ट सांगा, नाव आपोआप होईल’ हा सल्ला व्यवस्थापनाच्या वर्गापासून गावातील चावडीपर्यंत पोहोचला आहे.

ब्रँड या शब्दाला मराठीत ‘नाममुद्रा’ हा शब्द जवळचा आहे. संतांच्या अभंगात अखेरच्या चरणात रचनाकाराचे नाव येते. ती नाममुद्रा जाहिरातीसाठी नसते. वर जे म्हटले त्याचा धनी कोण, हे ती सांगते. समाजमाध्यमांवरील कथनाचा विचार करताना नेमका हाच मुद्दा निसटतो. सांगितली जाणारी कथा बहुधा एकट्याची नसते. ती गावाची, खोऱ्याची, घराण्याची असते. नाव मात्र सांगणाऱ्याचे किंवा नायकाचे होते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याने हा अनुभव गेल्या शंभर वर्षांत दोनदा घेतला आहे.

‘सेनापती’ ही उपाधी

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने निळा व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे योजिले. त्यात सुमारे पन्नास गावांच्या भातजमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह आरंभिला. पुण्यातील पुढारी त्यात उतरले. ‘केसरी’ने लढ्याची बाजू लावून धरली, शि. म. परांजपे यांच्यासारख्या लेखकाने तुरुंगवास पत्करला. सभा, पदे, वृत्तपत्रांतील वार्ता यांमधून एक कथा महाराष्ट्रभर पसरली. शिवकाळाचे वारस असलेले मावळे आपली भूमी राखण्यास पुन्हा उभे राहिले आहेत, अशी ती कथा होती.

पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्यातून मिळाली. ती त्यांनी स्वतः घेतली नव्हती. एडिंबरोला शिकलेला, क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरलेला हा पारनेरचा माणूस मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी पुन्हापुन्हा तुरुंगात गेला. १९२४ च्या अखेरीस केलेल्या सशस्त्र कृतीबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. नाममुद्रेमागे किती किंमत मोजलेली असते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

धरण मात्र झाले. गावे पाण्याखाली गेली. पुण्यातील सेनापती बापट मार्गावरून रोज हजारो लोक जातात. त्यांच्यापैकी किती जणांना त्या उपाधीचा मुळशीशी असलेला संबंध ठाऊक असेल, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो सविस्तर अभ्यास केला, त्यातून आणखी एक बाब पुढे येते. खोऱ्यातील पुष्कळ जमीन सावकारांच्या हाती गेलेली होती. सावकारांचे हित चांगल्या मोबदल्यात होते, तर कसणाऱ्याचे हित जमीन टिकण्यात. ‘मावळे विरुद्ध कंपनी’ या सुटसुटीत कथेत ही भेग दिसत नव्हती. कथा जितकी सोपी, तितकी ती लवकर पसरते, आणि जे तिच्यात बसत नाही ते बाहेर राहते. हा नियम वृत्तपत्रांच्या काळातही होता. आजच्या माध्यमांनी त्याला केवळ गती दिली.

‘मुळशी पॅटर्न’

दुसरा अनुभव अलीकडचा आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र याच तालुक्यात येते. जमिनींचे भाव चढले, विक्री झाली, हातात आलेला पैसा अनेक घरांत टिकला नाही. या वास्तवावर लेखक-दिग्दर्शक प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला. तरडे स्वतः याच मातीतले असल्याने ‘आपल्या माणसाने सांगितलेली आपली गोष्ट’ हे त्याचे बळ ठरले. पुढे २०२१ मध्ये त्यावर ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट निघाला.

चित्रपटाची कथा इशारा देणारी आहे. जमीन गेल्यावर मजुरीवर आलेला बाप, गुन्हेगारीत शिरलेला मुलगा आणि त्याचा अटळ शेवट, असा तिचा क्रम आहे. परंतु समाजमाध्यमांवर अडीच तासांची कथा जात नाही. तिचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे जातात. तुकड्यात नायकाची चाल, त्याचा संवाद आणि पार्श्वसंगीत उरते. बापाचे दुःख आणि शेवट गळून पडतात. परिणामी इशाऱ्याचेच अनुकरण झाले. ‘मुळशी पॅटर्न’ हा शब्दप्रयोग बोलण्यात भाईगिरीचे विशेषण बनला. कोयता हाती घेऊन चित्रफिती प्रसारित करणाऱ्या तरुणांवर पुणे परिसरात पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले आहेत. याचा दोष चित्रपटाला देणे अन्यायाचे होईल. पण भात पिकविणाऱ्या एका तालुक्याचे नाव यात खर्ची पडले, हेही खरे.

हे घडते कसे, हे समजून घेणे अध्यापकांना आवश्यक आहे. माध्यमाची गणनपद्धती प्रेक्षक किती वेळ थांबला आणि त्याने ती चित्रफीत किती जणांना पाठविली, यावर तिचा पुढील प्रसार ठरविते. म्हणून पहिल्या काही क्षणांत धक्का देणे हा सांगणाऱ्याचा धर्म बनतो. कीर्तनकारालाही श्रोता धरून ठेवावाच लागे. परंतु पूर्वरंगात मांडलेला विचार उत्तररंगातील आख्यानात सिद्ध करण्याचे बंधन त्याच्यावर होते. चित्रफितीला उत्तररंग नाही. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले; तेव्हापासून हा आखूड घाट अधिकच रूढ झाला.

त्याची किंमत ताम्हिणी घाटाने मोजली आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तेथील प्लस व्हॅलीच्या कुंडात उडी मारलेला एक पर्यटक वाहून गेला आणि त्याचेही चित्रण सर्वदूर फिरले. त्याच सुमारास जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या पर्यटनस्थळांवर सेल्फी व रील्स काढण्यास मनाई करणारे आदेश दिले, त्यांत मुळशीचाही समावेश होता.

वर्गातील विचार

विद्यार्थ्याने समाजमाध्यमांपासून दूर राहावे, असे म्हणणे आता व्यर्थ आहे. नोकरी देणारेही उमेदवाराचे खाते पाहतात. कथा कोणाची आणि लाभ कोणाचा, हे तपासण्याची सवय लावणे मात्र शक्य आहे. कायद्यानेही तसे पाऊल उचलले आहे : मोबदला घेऊन वस्तूची भलामण करणाऱ्याने तो संबंध उघड करावा, अशी मार्गदर्शक सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढली.

अध्यापकवर्गाला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांचे उदाहरण जवळचे वाटेल. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाला २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. ‘डिसले गुरुजी’ ही नाममुद्रा घराघरांत पोहोचली, त्यात या वाटणीचा भाग पुरस्काराइतकाच मोठा आहे.

मुळशीतील विद्यार्थ्याला सांगण्याजोगी कथा घरीच आहे. आंबेमोहोराचा सुगंध, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेली इंद्रायणी, रोप काढणे, चिखलणी, लावणी, झोडणी हा सारा क्रम शहरातील ग्राहकाला ठाऊक नसतो. तो ऋतुमानाप्रमाणे, वर्षभर, न घाई करता दाखविला तर नाव होण्यास वेळ लागेल, पण तांदूळ थेट विकला जाईल. अशा चित्रफितींत सध्या ठळकपणे दिसते ते निवेदकाचे नाव. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या बायकांची नावे, त्यांची मजुरी आणि चित्रणाला त्यांची संमती घेतली की नाही, हे सांगणाऱ्या चित्रफिती अद्याप फार थोड्या आहेत.